बबन पैलवानाचा समास

कामशेत बाजारपेठ व पंचक्रोशीतील तमाम विद्यार्थी, बचत गट, भजनी मंडळे, वकील, ग्रामपंचायत सदस्य आणि ट्रेकर मंडळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, एका कागदावर दोन, चार किंवा नऊ पाने छापून घेताना जो इसम समास सोडण्यास नकार देईल, त्याच्या नाकाची, कानाची व पुढच्या दातांची जबाबदारी दुकानदारावर राहणार नाही. जनतेने याची नोंद घ्यावी व शक्य तितके मागे उभे राहावे.

हा मजकूर माझा. बबन पैलवानाच्या झेरॉक्सच्या दुकानात तो मोठ्या अक्षरांत लावावा, असं मी त्याला पुष्कळदा सुचवलं होतं. तो दर वेळी मान हलवायचा.

"नगं, मेडिकलवाले. बोर्ड वाचून लोकं शानी झाली तर मी कुनाला हानू?"

पैलवान जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेत गेला, अगदी शांतपणे. कामशेतात ही बातमी कुणी खरी मानायला तयार नव्हतं. एकानं तर माझ्या दुकानात येऊन विचारलं, "झोपेत? मग भांडण कुनाशी झालतं?"

माझं औषधाचं दुकान त्याच्या दुकानाला चिकटून. मधे एक विटेची भिंत. भिंतीपलीकडून नुसता आवाज आला तरी मला निदान करता यायचं. कोरडा 'फट्' आला की कानफटात. बर्फ लावायला सांगायचं. जड 'धप्' आला की पाठीत, मलम. काच फुटली की मी कापूस आणि पट्टी काउंटरवर काढूनच ठेवायचो. गिऱ्हाईक त्याच्या दारातून बाहेर फेकलं जायचं, उठायचं, कपडे झटकायचं आणि माझ्या दारातून आत यायचं. दोन्ही दुकानांचा धंदा बरा चालला होता.

दिसायला तो कसा होता, ते सांगतो. दोन्ही कान कुस्तीत मुडपून मुडपून बटाटावड्यासारखे झालेले. मान हा अवयव त्याला मिळालाच नव्हता. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. माउस त्याच्या पंजाखाली गेला की दिसेनासा व्हायचा, आणि नुसता पंजाच टेबलावर सरकतोय असं वाटायचं. तरण्या वयात गुडघा मोडला आणि आखाडा सुटला. त्याची बायको सुमनवहिनी तळेगावला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि तिनं हे दुकान टाकलं. हा सुरुवातीला नुसते कागदांचे खोके उचलायला यायचा. मग एक दिवस त्यानं बायकोला एका कागदावर चार पानं बसवताना पाहिलं आणि तिथंच अडकला. टायपिंग वहिनी करायच्या. समास मात्र पैलवानाचा. त्यात वहिनीसुद्धा बोट घालत नसत.

अडाणी माणसाला वाटतं, एका कागदावर चार पानं बसवायची म्हणजे पानं लहान करायची, झालं. असं कुणी म्हणालं की पैलवान काउंटरवरून वाकायचा, एका हातात कोरा कागद धरायचा, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची कॉलर, आणि शिकवणी सुरू करायचा.

"ह्यो कागद म्हंजे आखाडा. हितं चार कुस्त्या येकदम सोडल्या. बरूबर? मधी जागा न्हाई ठिवली तर ह्याचा पाय त्याच्या नरड्यात जाईल का न्हाई?"

"जाईल," गिऱ्हाईक टाचा उंचावून म्हणायचं.

"आन् कडंला जागा कशाला? मशीनला कागद धराय लागतोय. आता तुला धराय मला कॉलर लागली का न्हाई?"

"लागली."

"तसं."

खरी मेख पुढं होती. प्रत्येक पानाला आपला स्वतःचा समास असतोच. पान लहान केलं की तोही लहान होऊन पानाबरोबर येतो. शिवाय मोठ्या कागदाचा समास वेगळा. दोन्ही पुरेपूर ठेवले तर कागदभर पांढरं आणि अक्षर मुंगीएवढं. दोन्ही काढून टाकले तर अक्षर ऐसपैस, पण कडेचे शब्द मशीन छापतच नाही, आणि मधोमध कापायला गेलं की तिथले शब्द कटरच्या पात्याखाली जातात. म्हणून पैलवानाचा एक मंत्र होता: "आतला कमी, भायेरचा पुरता, मधला दुप्पट." तो हे दंड थोपटल्यासारखा टेबल थोपटत म्हणायचा. काही मुलांना पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं होतं.

परीक्षांच्या दिवसांत कॉलेजची पोरं यायची. त्यांना अख्खं पुस्तक तळहाताएवढ्या चिटोऱ्यांवर हवं असायचं, कशासाठी ते सांगायला नको. एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "काका, एका पानावर सोळा बसवा. समास शून्य. जागा वाया घालवू नका."

भिंतीपलीकडून 'फट्' आला. मी बर्फासाठी उठलो. मला वाटलं, पैलवानाला कॉपीचा राग आला. गुरुजन असते तर त्यांनाही असंच वाटलं असतं. पण बाहेर येऊन पाहतो तर तो पोराला एका हातानं वर धरून पोटतिडकीनं समजावत होता.

"चोरी कर, बापाचं नाव काढ! पन समास सोडून कर! अंगठा कुटं ठिवनार हायस? अंगठा उत्तरावर पडला तर लिवनार काय?"

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याला मुद्दा पटलेला दिसला.

यंत्रांशीही त्याचे संबंध असेच होते. प्रिंटरमध्ये कागद अडकला की आपण झाकण उघडतो, हळूच ओढतो. पैलवान आधी शर्टाच्या बाह्या सारायचा. मग प्रिंटरला मागून कव घालायचा, गुडघ्याचा टेकू द्यायचा आणि एका बाजूला असा पिळायचा की आतून मरत्या माणसासारखा सुस्कारा यायचा. कागद बाहेर. एकदा तेवढ्यानं भागलं नाही, तेव्हा त्यानं तो प्रिंटर डोक्यावर उचलला आणि रस्त्यावर टाकला. तिथं भाजीचा टेम्पो उभा होता. प्रिंटर टोमॅटोच्या क्रेटमध्ये घुसला, लाल रस उडाला, आणि समोरच्या बाई "मर्डर! मर्डर!" म्हणून किंचाळल्या. मी पट्टी घेऊन धावलो, पण बांधायची कुणाला ते कळेना. पैलवानानं टोमॅटोतून प्रिंटर उपसला, फडक्यानं पुसला, वायर लावली. आणि वाचकहो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण तो चालला! पुढची दोन वर्षं त्यावर छापलेल्या कागदांना भर उन्हाळ्यात चटणीचा वास यायचा.

तो नेहमी बरोबर असायचा असं मुळीच नाही. लोहगडवाडीच्या बायकांचं भजनी मंडळ होतं. त्यांची म्होरकी गंगूमावशी. गडाच्या पायथ्याशी ट्रेकरना पिठलं-भाकरी खाऊ घालायची, आणि पैसे न देता निघालेल्या माणसाला पाठलाग करून गाठायची. त्यांना भजनाच्या पुस्तिका हव्या होत्या. एका कागदावर दोन पानं, मधे घडी, घडीत टाचणी. पैलवान त्या दिवशी भक्तिभावानं पेटला. देवाचं काम म्हणून त्यानं आतला समास ठेवला, बाहेरचा ठेवला, मधला तिप्पट केला. पानभर पांढरं, आणि मधोमध अभंगाच्या चार ओळी, मोठ्या अंगणात एकटी कोंबडी उभी असावी तशा.

गंगूमावशीनं पुस्तिका नाकाला लावली. मग हातभर लांब धरली. मग पुन्हा नाकाला लावली.

"ह्ये काय रं पैलवान? आमी काय पांढरं गायाचं का?"

"मावशी, समास म्हंजे..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मावशीच्या हातात पितळी टाळ होते. एक उजव्या कानावर, एक डाव्या. असा नाद निघाला की माझ्याकडच्या बाटल्या किणकिणल्या. मागून मंडळाच्या बाकीच्या बायका आत घुसल्या आणि त्यांनी त्या अवाढव्य माणसाला ताल धरून बडवला. पैलवानानं डोकं खाली घालून मार खाल्ला, एक हात उचलला नाही, आणि मार खाता खाता दुसऱ्या हातानं माउस सरकवून समास कमी केला. नव्या पुस्तिका निघाल्यावरच टाळ थांबले. मी दोन्ही कानांना पट्ट्या बांधल्या, तेव्हा तो खूश होता.

"मावळात मला दोघांनीच चीत केलं, मेडिकलवाले. येक आमचं वस्ताद, दुसरी गंगूमावशी."

हे वस्ताद म्हणजे त्याच्या गावच्या तालमीचे दगडूवस्ताद. गाव उंबरवाडी, कार्ल्याच्या पुढं आत, डोंगराच्या पोटाशी. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं आणि पंच म्हणून मधे उभे राहायचे ते वस्ताद, डोक्याला केशरी फेटा. मरताना त्यांनी सांगून ठेवलं होतं, फेटा बबनला द्या. गुडघा मोडलेल्या पैलवानाला हे केवढं होतं, ते एकदा त्यानंच मला सांगितलं. फेटा तो ए-फोर कागदाच्या रिकाम्या खोक्यात घडी करून ठेवायचा. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानं तो बाहेर काढला, मांडीवर ठेवला.

"गुडघा गेला तवा लोकांनी मला पैलवान म्हनायचं सोडलं. लंगडा बबन्या म्हनायची. वस्ताद तेवढं म्हनायचं, पैलवान, हिकडं ये. आता लाल मातीत पाय ठिवायचा माजा येकच रस्ता ऱ्हायलाय. पंच म्हनून. त्यो बी गेला तर मी निस्ता झेरॉक्सवाला."

आणि तो रस्ता त्यानं पहिल्याच वर्षी जवळजवळ बंद करून घेतला. पंच म्हणून पहिलीच जत्रा. शेजारच्या गावच्या दुसऱ्या पंचानं बरोबरीची कुस्ती आपल्या गावच्या पोराला दिली. बबन पैलवानानं त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला उचलला, डोक्यावर गरगर फिरवला आणि हलगीवाल्यांच्या अंगावर ठेवून दिला. मग दोन गावं एकमेकांवर तुटून पडली. लाठ्या निघाल्या, मंडपाचे बांबू निघाले, नारळ फुटले, आणि ते दगडावर फुटले नव्हते. जत्रा कमिटीचे अध्यक्ष किसनआबा भांडण सोडवायला मधे पडले आणि पुढचा एक दात घालवून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी किसनआबा गावची चार वडीलधारी माणसं घेऊन दुकानात आले. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. आबा बोलताना दाताच्या फटीतून शिट्टी वाजत होती, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

"बबन्या, वस्तादांचा शबूद हाय म्हनून फेटा तुझ्याकडं ठिवतो. पन ऐक. ह्या घडीपास्नं फुडल्या जत्रंतली शेवटची कुस्ती सुटस्तवर तू हात उचलायचा न्हाई. मानसावर न्हाई, म्हशीवर न्हाई. येक चापट जरी मारलीस तरी फेटा माज्या जावयाच्या डोक्यावर."

जावई लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. लंगोट त्यानं पाहिला असलाच तर दोरीवर वाळत घातलेला.

पैलवानाचा चेहरा पांढराफटक. "आन् मशीनवर, आबा? मशीनवर हात उचलला तर?"

आबांनी वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. कुजबुज झाली.

"मशीनवर चालंल."

"वस्तादांची शपथ," पैलवान म्हणाला.

ते वर्ष माझ्या धंद्याला फार वाईट गेलं. कापूस पडून राहिला. पट्ट्या तशाच. सुमनवहिनींनी काउंटर हातभर पुढं ओढून घेतला, म्हणजे नवऱ्याचा हात गिऱ्हाइकापर्यंत पोचायलाच नको. पैलवान खुर्चीत बसायचा, दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून. राग फारच अनावर झाला की वळायचा आणि कागदाच्या गठ्ठ्यावर ठोसा मारायचा. त्या वर्षी कामशेत परिसरात छापल्या गेलेल्या प्रत्येक कागदाला मधोमध खळगा होता. प्रिंटर तर संध्याकाळी बंद केला तरी थरथरत असायचा.

आणि मग बातमी पसरली. बाजारात ज्यांनी ज्यांनी कधी ना कधी नाक, कान, दात गमावले होते, त्या सगळ्यांना कळलं की पैलवान शपथेत बांधलाय. लोक जुना हिशेब चुकता करायला येऊ लागले. रीतसर रांग लागायची.

"पैलवान, येका कागदावर नऊ पानं. समास शून्य."

"बरं," पैलवान म्हणायचा, आणि त्याच्या मांड्यांखाली खुर्ची करकरायची.

"कडंला अक्षर कापलं तरी चालंल."

"बरं."

एका लोणावळ्याच्या वकिलानं तर हद्द केली. त्यानं सहा पानं एका कागदावर मागितली, कड न सोडता, आणि वर म्हणाला, "समास वगैरे या गावठी कल्पना आहेत हो."  पैलवानानं स्टेपलर तोंडात धरला आणि चावला. तो स्टेपलर मी पाहिलाय. दाताचे वळ आहेत त्यावर, लोखंडात.

सोळा पानंवाला तो कॉलेजचा पोरगा आला, आता त्याला मिश्या फुटल्या होत्या. काउंटरवरून वाकून त्यानं पैलवानाच्या गालावर सणसणीत दिली आणि धूम ठोकली. मी 'फट्' ऐकून सवयीनं बर्फ घेऊन बाहेर आलो आणि प्रथमच चुकीच्या माणसाकडे गेलो. पैलवान जागचा हलला नव्हता. डोळे लाल, गालावर चार बोटं.

"मेडिकलवाले, राग दाबायची काय गोळी हाय का?"

मी पित्तावरची दिली. दोन दिवसांनी म्हणाला, फरक वाटतोय.

वहिनी मला हळूच विचारायच्या, "निभतील का हो हे?" त्यांना जत्रेची तारीख येईपर्यंत झोप नव्हती. मला मात्र गंमत वाटत होती, हे कबूल करतो. असा खेळ फुकटात रोज कुठं बघायला मिळतो?

अखेर जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी सकाळी किसनआबा दुकानात हजर, हातात पेनड्राइव्ह. या वर्षी भांडण नको म्हणून आबांनी आठवडाभर बसून सगळ्या कुस्त्यांचे जोड आधीच ठरवले होते. प्रत्येक कुस्तीची एक चिठ्ठी: डावीकडे एका पैलवानाचं नाव, मधे 'विरुद्ध', उजवीकडे दुसऱ्याचं. एका कागदावर चार चिठ्ठ्या छापायच्या, कटरनं कापायच्या, मैदानात एकेक वाचायची. साधं, सरळ, आधुनिक.

पैलवानानं पडद्यावर चार चिठ्ठ्या मांडल्या. आतला कमी, बाहेरचा पुरता, मधला दुप्पट. सुरेख दिसत होतं. आबांनी चष्मा लावला.

"अक्षर बारीक हाय. पैलवानाचं नाव म्हंजे ढोलावानी पायजे. मोठं कर."

"आबा, मोठं केलं तर नावं कडंला जात्यात."

"मग ती पांढरी जागा काढ की. कशाला ठिवलीया? म्हशी बांधायच्यात का तितं?"

"आबा, मशीन कडंचं छापत न्हाई. आन् मधलं कटरखाली जाईल."

"बबन्या, अध्यक्ष कोन? तू का मी?"

मी माझ्या पायरीवर उभा होतो. पैलवानाचा उजवा पंजा मांडीखालून बाहेर आला. हवेत चढला. सुमनवहिनींनी तोंडाला पदर लावला. आबांनी त्या पंजाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं, ज्यात फेटा होता, आणि फटीतून शिट्टी वाजवत हसले.

एरवी कुणी असं बोललं असतं तर तो माझ्याकडे आला असता, आडवा. चिठ्ठ्याही बरोबर छापल्या गेल्या असत्या. पण पंजा खाली आला. माउसवर पडला.

"बरं," पैलवान म्हणाला. त्यानं तिन्ही समास शून्य केले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. छापलेला गठ्ठा त्यानं पाहिलासुद्धा नाही. आबांनीच कटरचा दांडा धरला, खाली ओढला, दणादण कापलं, चिठ्ठ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि जीपमध्ये बसले. पेनड्राइव्ह मशीनलाच राहिला.

दुपारी मी दुकान बंद करून उंबरवाडीला गेलो. पैलवान मैदानाच्या मधोमध उभा. डोक्याला केशरी फेटा, अंगात पांढरा सदरा, पाय लाल मातीत. एक पाय लंगडा होता हे त्या दिवशी दिसत नव्हतं. हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले. शेवटची कुस्ती सुटली की शपथ सुटणार, फेटा कायमचा. भोवती तीन-चार गावांची माणसं दाटलेली, हलगी तडतडत होती.

आबांनी माइक घेतला, वर्तमानपत्र सोडलं, पहिली चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली.

"पयली कुस्ती! उंबरवाडीचा पैलवान संतोष... विरुद्ध..."

ते थांबले. चिठ्ठी उलटी केली. दुसरी काढली. तिसरी काढली. अक्षर मोठं केल्यानं ओळ उजवीकडे लांबली होती आणि उजव्या बाजूची नावं गेली होती. काही मशीननं छापलीच नव्हती, उरलेली आबांनी स्वतःच्या हातानं मधोमध कापली होती. सगळ्या चिठ्ठ्यांवर एक पैलवान आणि 'विरुद्ध', पुढं काही नाही.

आता आमच्या मावळातल्या मैदानांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. नाव एकाचंच पुकारलं आणि जोड पुकारला नाही, तर त्याचा अर्थ उघडं आव्हान. ज्याच्या अंगात दम असेल त्यानं मैदानात उडी घ्यावी आणि त्याचा हात धरावा. आबांचा माइक चालू होता. "विरुद्ध" नंतरची ती शांतता साऱ्या मैदानानं ऐकली.

"मी!" पूर्वेकडून एक जण आत उतरला.

"मी!" पश्चिमेकडून तिघे.

"तू कशाला? माझा जोड हाय त्यो!"

"जोड तुजा? मग घे!"

पहिली ठोकर पडली. मग एकदम दहा-वीस लंगोट आत. संतोषचा एक हात एकानं धरला, दुसरा दुसऱ्यानं, आणि त्याला मधून फाडायचा बेत दिसू लागला. त्याला वाचवायला उंबरवाडी धावली, उंबरवाडीला आवरायला शेजारचं गाव धावलं, आणि गेल्या वर्षीचं सगळ्यांना एकदम आठवलं. माती उडाली. एकाचं नाक माझ्या डोळ्यांदेखत डावीकडून उजवीकडे गेलं. एक जण दुसऱ्याचा कान दातात धरून तिसऱ्याशी बोलत होता. मंडपाचा खांब निघाला आणि मंडप बसला. खालून माणसं ठोसे मारत असल्यानं तो कापडी डोंगर जागोजाग उसळत होता. हलगीवाल्यांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते वाजवत होते, अधिक जोरात. मी पिशवीत पट्ट्या नेल्या होत्या. पिशवीच कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यात मारली.

या सगळ्याच्या मधोमध बबन पैलवान.

मला तो दिसतो तो असाच. धुळीत केशरी फेटा, सरळ, जराही कलला नाही. हात पाठीमागे. एकानं त्याच्या पाठीत बांबू घातला, बांबू मोडला. एकानं नारळ मारला. फेट्यानं तो झेलला. लोक त्याच्यावर आपटत होते, खाली पडत होते, पुन्हा उठून आपटत होते. त्याचे दोन्ही पंजे पाठीमागे एकमेकांना इतके आवळत होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गालावरून पाणी ओघळत होतं. घाम असेल. आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सुंदर मारामारी त्याच्याभोवती चालली होती, आणि एवढ्या गर्दीत त्याला एकट्यालाच तिच्यात जायची बंदी होती.

त्याच्या पायाशी किसनआबा पडलेले. त्यांच्या छातीवर दोन पैलवान बसून एकमेकांचे गळे दाबत होते. आबांचा चष्मा गेला, टोपी गेली, वरचा आणखी एक दात गेला. मुठीत चिठ्ठ्यांचा चोळामोळा. माइक अजून त्यांच्या दुसऱ्या हातात, आणि तो अजून चालू.

"बबन्या!" मैदानभर कर्ण्यातून आवाज घुमला. "आरं, आवर ह्यांना!"

पैलवान खाली वाकला, नम्रपणे. "आबा, शपथ हाय. शेवटची कुस्ती अजून सुटली न्हाई."

"पयलीबी सुटली न्हाई रं!"

"त्येच म्हनतो."

आबांच्या छातीवर तिसरा येऊन पडला. हलगीवाल्यांनी लय वाढवली. जमलेल्या सगळ्या गावांनी आणि टेकडीवर बसलेल्या बायकांनी कर्ण्यातून साफ ऐकलं, जत्रा कमिटीचे अध्यक्ष किसनआबा जिवाच्या आकांतानं ओरडले:

"खड्ड्यात गेली शपथ! हान, बबन्या, हान! पायजे तर पयला मला हान, पन हान!"